पोळ्याची तारीख

१२ जुलै २०१७, बुधवार. अकोला

ही दैनंदिनी जानेवारीत टपालाने आली. बियाणे कंपनीची आहे, दर पानाच्या कोपऱ्यात कपाशीचं बोंड छापलेलं. पाकिटावर अंकुरचं नाव होतं. सहा महिने कपाटावर पडून राहिली. छत्तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला कोरी वही वाया गेलेली बघवत नाही, म्हणून आजपासून मी लिहितो.

आजपासूनच का, तर आज यास्मीनने मला ब्लॉगचे आकडे कुठे दिसतात ते दाखवलं. यास्मीन आमच्या कोपऱ्यावर नेट आणि झेरॉक्सचं दुकान चालवते. तेल्हाऱ्याला सातवीत माझ्या वर्गात होती. त्रैराशिक तिला शेवटपर्यंत जमलं नाही. आता ती मला शिकवते आणि मी चुकलो की 'सर, ध्यान कुठं हाय?' म्हणते. हे वाक्य तिने माझ्याकडूनच उचललं आहे.

अंकुर माझा मुलगा. तेल्हारा तालुक्यात कृषी सहायक. 'कपाशीची वही' हा ब्लॉग त्याचा. कोणती अळी, कोणतं औषध, फवारणी कधी करायची, कधी नाही, असे एक्केचाळीस लेख आहेत. शेवटचा लेख फवारताना विषबाधा झाली तर पहिल्या तासात काय करायचं याचा. मागच्या पोळ्यानंतर नवीन लेख नाही. पोळ्याच्या दोन दिवस आधी तेल्हाऱ्याच्या रस्त्यावर जे झालं ते मी इथे लिहिणार नाही. ज्यांना माहीत असायला हवं त्यांना आहे.

आज ब्लॉगवर तेवीस माणसं आली. त्यातली एकोणीस शेवटच्या लेखावर.

पार्वताने विचारलं, "किती आले?" मी सांगितलं तेवीस. ती भाकऱ्या थापत होती. "जेवून गेले का?" म्हणाली.

१५ जुलै, शनिवार

आकड्यांच्या पानावर माणूस कोणत्या गावाहून आला आणि किती वाजता आला तेही दिसतं. अकोट, तेल्हारा, बाळापूर, दर्यापूर. एक पुण्याचा.

अमरावतीहून रोज एक जण येतो. चार वाजून दहा मिनिटांनी, फार तर पंधरा. सरळ शेवटच्या लेखावर जातो, दुसरं काही उघडत नाही. मी मागचे दोन आठवडे काढून पाहिले, एक दिवस चुकलेला नाही, फक्त रविवारी येत नाही. माणूस इतका नेमाने वागत नाही. यास्मीन म्हणते, काही यंत्रं आपोआप पानं तपासत फिरतात. तसलंच असणार. रविवारी यंत्रालाही सुट्टी असते हे नव्याने कळलं.

२५ जुलै, मंगळवार

परवा दिव्याची अवस झाली. आज शहाण्णव माणसं.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. आपल्याकडे अवसेच्या अंधारात पतंग अंडी घालतात असं धरून लोक दोन-तीन दिवसांत फवारणी काढतात. कोणाच्या आजोबाने कोणाला सांगितलं कोण जाणे, पण सगळे तेच करतात. अंकुरने त्यावर एक लेख लिहिलाय, थोडं खरं, थोडं खोटं असा. म्हणजे अवस झाली की पंप निघतात आणि पंप निघाले की लोक लेखावर येतात. मागच्या महिन्यांचे आकडे तपासले. दर अवसेनंतर दुसऱ्या दिवशी चढ आहे. नियम पक्का.

नियम सापडला की वर्गात मला आनंद व्हायचा. आज झाला नाही. आकडा लिहून घेतला.

लेख मला पाठ झाला आहे. कपडे उतरवा. साबणाने अंग धुवा. उलटी करवू नका, दूध-लिंबू-मिठाचं पाणी काही पाजू नका. डाव्या कुशीवर निजवा. औषधाचा डबा सोबत घ्या आणि लगेच दवाखान्यात न्या, बरं वाटेल म्हणून वाट पाहू नका. एवढंच आहे. खाली त्याचा मोबाइल नंबर.

तो मोबाइल माझ्याकडे आहे. काच तडकली आहे, पण चालतो. भिंतीवरच्या फोटोखाली चार्जिंगला लावलेला असतो. कधीमधी वाजतो. मी उचलत नाही. उचलून काय सांगायचं ते ठरलेलं नाही.

३ ऑगस्ट, गुरुवार

आकडे अकरा, चौदा, नऊ.

यास्मीनकडे गेलो. म्हणाली, "सर, लेखावर तारीख पाहा न, एक सप्टेंबर दोन हजार सोळा. लोकाईले वाटते जुनं हाय. गूगलही जुन्याले मागं ढकलते. तारीख ताजी केली की वर येते. सगळे करतात."

"तारीख बदलता येते?"

"एक बटन हाय फक्त."

मी म्हटलं, जन्मतारीख बदलायला आलेल्या पालकांना मी छत्तीस वर्षं हाकलून लावलं. ती हसली. "ते सरकारी होतं सर."

त्या तारखेची गोष्ट अशी. लेख अंकुरने पोळ्याच्या आठ-दहा दिवस आधीच लिहून ठेवला होता. पोळ्याच्या दिवशी आपोआप लागेल असं करून ठेवलं होतं, कारण पोळ्याच्या अवसेची फवारणी सगळ्यांत मोठी. मागच्या वर्षी पोळा एक सप्टेंबरला होता. त्या दिवशी आमच्याकडे तिसरा होता, आम्ही राख आणायला गेलो होतो. लेख बरोबर सकाळी सात वाजता लागला. मला हे सहा महिन्यांनी कळलं.

१९ ऑगस्ट, शनिवार

श्रावण वद्य त्रयोदशी. वर्षश्राद्ध झालं. तारखेने अकरा दिवस बाकी आहेत, पण आपल्यात तिथी धरतात. भटजी म्हणाले, तारखेचं काय, ती दरवर्षी फिरते, तिथी फिरत नाही.

प्रणाली अमरावतीहून आली होती. आमची सून. डिसेंबरात माहेरी गेली, तिथे एका शाळेत शिकवते. मीच जा म्हटलं होतं, इथे बसून काय करणार. ती गेल्यापासून पार्वता माझ्याशी कामापुरतं बोलते. कारण काय ते मी विचारलेलं नाही.

जेवणं झाल्यावर प्रणाली ताटं उचलत होती तेव्हा मी तिला सांगितलं, परवा पोळा आहे, लेखाची तारीख यंदाच्या पोळ्याची करणार आहे. लोक वाढतील. ती थांबली. "असू द्या न बाबा. जसं हाय तसंच राहू द्या." मी तिला आकडे दाखवले, अवसेचा नियम समजावून सांगितला. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "तुमची मर्जी." पावणेपाचच्या बसने गेली.

आजकालच्या मुलांना आकडे दाखवले तरी पटत नाही.

२१ ऑगस्ट, सोमवार. पोळा

सकाळी पावणेसातला अंकुरच्या कॉम्प्युटरसमोर बसलो. तारखेची चौकट उघडली. एक सप्टेंबर २०१६ खोडलं, एकवीस ऑगस्ट २०१७ टाकलं. तिथी तीच, श्रावण अमावस्या. मी काही खोटं केलेलं नाही. बटण दाबलं.

लेखाखाली नवी तारीख आली. अंकुर गावंडे, २१ ऑगस्ट २०१७, सकाळी ७.००. त्याने आज लिहिल्यासारखं. मी बराच वेळ बघत बसलो. चहा निवला. पार्वता काही म्हणाली, काय ते ऐकू आलं नाही.

गल्लीतून शेजाऱ्यांची जोडी सजून गेली. पार्वताने बैलांना पुरणपोळी दिली. आम्ही स्वतः खाल्ली नाही.

२३ ऑगस्ट, बुधवार

दोनशे अठरा! काल एकशे साठ. एवढा आकडा कधीच नव्हता.

ब्लॉग उघडणाऱ्यांना वर नवी तारीख दिसते, गूगलवरही वर आला आहे. यास्मीनने पेढा दिला. चार जणांनी खाली लिहिलं आहे. एकाचं असं: 'अंकुर सर बऱ्याच दिवसांनी लिहिलं, बरं वाटलं, तब्येत बरी आहे ना?' त्याला उत्तर द्यायचं राहिलं.

अमरावतीचं यंत्र काल आलं नाही. आजही नाही. बंद पडलं असेल.

पार्वताला दोनशे अठरा सांगितलं. तिने मान हलवली.

३० ऑगस्ट, बुधवार

आज काही नाही.

६ सप्टेंबर, बुधवार

एकसष्ट, चाळीस, सव्वीस. उतरतात. गणपतीचे दिवस, लोक गडबडीत असतात. पाऊसही आहे.

एकाने दुसऱ्याच एका लेखाखाली लिहिलं: 'सर ते फवारणीचं पान उघडत नाही.' मी उत्तर दिलं, आपल्याकडे पावसात रेंज जाते, थोड्या वेळाने पाहावे. ब्लॉगवरचं माझं हे पहिलं उत्तर. खाली नाव अंकुर गावंडे असंच पडतं, त्याला माझा इलाज नाही.

आणखी एकाचं तसंच आलं. त्यालाही तेच उत्तर दिलं.

१४ सप्टेंबर, गुरुवार

सात. सगळे मिळून सात.

मागच्या वर्षी याच आठवड्यात रोज तीस-पस्तीस यायचे, तेही जुन्या तारखेवर. हे गणित मला सुटत नाही. तारीख ताजी आहे, लेख तोच आहे, हंगाम भर फवारणीचा आहे. पेपरात रोज कुठे ना कुठे फवारणाऱ्या मजुराला दवाखान्यात नेल्याची बातमी असते. म्हणजे लोकांना लेख हवा आहे. मग येत का नाहीत?

एकच उत्तर दिसतं. एकवीस ऑगस्टही आता जुना झाला.

२० सप्टेंबर, बुधवार. सर्वपित्री

अवस आहे. तारीख आजची केली. या वेळी हात थांबला नाही. अंकुर गावंडे, २० सप्टेंबर २०१७.

पान वाढून कावळ्याची वाट पाहत पार्वता गच्चीवर उभी होती. खाली येऊन म्हणाली, "शिवला नाई अजून." मी म्हटलं, येईल. तिने विचारलं, "तुमी सकाळपासून काय करून राहिले त्या डब्ब्यावर?" मी म्हटलं, अंकुरचं काम.

"त्याचं काम झालं आता," ती म्हणाली. मला ते बोलणं आवडलं नाही.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

अवसेनंतर दुसरा दिवस. दोनशेच्या वर जायला हवा होता. एकतीस झाले. नियम मोडला.

दुपारी अंकुरचा मोबाइल वाजला. तीन वेळा, एकाच नंबरवरून. तीनच्या सुमारास. अनोळखी नंबर. मी समोर बसून पाहत होतो. वाजतो तेव्हा टेबलावर सरकतो थोडा. तिसऱ्यांदा बराच वेळ वाजला. मग थांबला. चार्जिंग ऐंशी टक्के होतं, शंभरपर्यंत लावून ठेवला.

३ ऑक्टोबर, मंगळवार

आज तो मोबाइल पार्वताने उचलला.

मी आंघोळीला होतो. बाहेर आलो तर ती फोटोखाली उभी, मोबाइल कानाला, पदर तोंडाला. ती म्हणत होती, "अंकुर नाई बाई. गेला तो. मागच्या पोळ्याच्या आंधीच गेला. मी माय बोलतो त्याची."

किती सहज म्हणाली. मी तेरा महिने ज्या वाक्यासाठी मोबाइल उचलला नाही, ते तिने ओल्या हातांनी उचलून म्हणून टाकलं.

फोन चतुराबाई नावाच्या बाईचा होता, तेल्हाऱ्याकडच्या एका खेड्यातली मजूर. तिचा नवरा पुंजाराम रोजाने फवारणीला जातो. बावीस तारखेला शेतातून आला तो तोंडाला फेस, डोळे बारीक. घरात अंकुरने दिलेली एक चिठ्ठी होती. त्यावर छापलेला पत्ता मुलीने मोबाइलवर टाकला. पान उघडलं नाही. मग चिठ्ठीवरच्या नंबरला तीन फोन लावले. कोणी उचलला नाही.

पार्वताने हे सगळं मला एका दमात सांगितलं. मग विचारलं, "त्याचं पान काहून नाई उघडलं? काय केलं तुमी त्याले?"

मी म्हटलं, काही नाही. तारीख बदलली फक्त.

पुंजाराम आहे. अकरा दिवस दवाखान्यात काढून घरी आला आहे. हे तिने सगळ्यात शेवटी सांगितलं.

४ ऑक्टोबर, बुधवार

अंकुरची बॅग काढली. तेरा महिन्यांत पहिल्यांदा. तो त्या दिवशी गावोगाव चिठ्ठ्या वाटूनच परत येत होता. उरलेला गठ्ठा बॅगेत आहे, रबर लावलेला. हाताच्या पंजाएवढी पिवळी चिठ्ठी. 'पंपाला किंवा दाराला चिकटवा. पोळ्यापासून हे पान उघडेल.' त्याखाली पत्ता आणि त्याचा मोबाइल नंबर. पत्त्यात ब्लॉगचं नाव, मग २०१६, मग ०९, मग फवारणी.

चिठ्ठी घेऊन यास्मीनकडे गेलो. तिने हातात घेतली आणि तिचा चेहरा उतरला. "सर, ह्या तं माह्याच दुकानात छापल्या. पाचशे." तिने पत्ता टाकून पाहिला. 'पान सापडले नाही' असं आलं. मग तिला उमगलं. लेखाचा पत्ता त्याच्या तारखेवरून तयार होतो. तारीख ऑगस्टची केली की पत्त्यात २०१७/०८ आलं. परत बदलली, २०१७/०९ झालं. पाचशे दारांवरचा पत्ता खोटा ठरला.

"मले नव्हतं माहीत, सर. अल्ला कसम, मले वाटलं तारीख म्हंजे नुसती तारीख." ती रडायला लागली. मी तिला म्हटलं, तू बटण दाखवलं, दाबलं मी. दुकानात दोन गिऱ्हाइकं झेरॉक्स घ्यायला उभी होती, ती आमच्याकडे बघत होती.

मग तिने आणखी एक तक्ता उघडला. न सापडलेल्या पानांवर कोण आलं त्याची नोंद. ती याच आकड्यांच्या शेजारी होती, मी कधी उघडलीच नाही. एकवीस ऑगस्टपासून अकराशे चाळीस वेळा. रोज वीस-पंचवीस. अवसेनंतर चढ. नियम मोडलेला नव्हता, नियम या तक्त्यात होता. मी आलेल्यांची गिनती करत बसलो आणि परत गेलेल्यांची नोंद बाजूला पडून होती.

२२ सप्टेंबर: तेल्हारा, दुपारी २.५१. २.५२. २.५४. २.५८.

अमरावतीचं यंत्रही त्यातच सापडलं. बंद पडलं नव्हतं. रोज चार वाजून दहा मिनिटांनी येऊन त्या न उघडणाऱ्या पानावरून परत जात होतं. तेहतीस वेळा. रविवार आणि सणाच्या सुट्ट्या सोडून. यंत्र शहाणं दिसतं.

तारीख लगेच परत करायला यास्मीनने सांगितलं. मी हो म्हटलं आणि घरी आलो. केली नाही. आधी त्या माणसाला बघून येतो, मग.

हे खरं कारण नाही. तारीख परत केली की ते पान पुन्हा मागच्या वर्षीचं होईल.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळच्या बसने तेल्हारा, तिथून काळीपिवळीने त्यांच्या गावी. कपाशी कमरेच्या वर आली आहे.

दोन खोल्यांचं घर, टिनाचं दार. दारावर आतल्या बाजूने पिवळी चिठ्ठी, गव्हाच्या खळीने चिकटवलेली. पुंजाराम बाजेवर बसला होता. चाळिशीचा असेल. मी समोर जाऊन उभा राहिलो तरी तो माझ्या शेजारी बघत होता. चतुराबाई म्हणाली, "त्याईले एकाचे दोन दिसतात गुरुजी. डाक्टर म्हनते येईन हळूहळू. हात बी कापते."

"अंकुर साहेब आले होते या घरी?" मी विचारलं.

"इथंच बसले होते, जिथं तुमी बसले. चहा घेतला. म्हने, मावशी, हे ध्यानात नाई राहत कोनाच्या, धाकात सगळं इसरते मानूस. म्हून कागद लाव अन् पोरीले उघडाले सांग. तेच झालं पाहा. कायतरी पाजाचं नाई म्हने का पाजाचं म्हने, काईच याद येईना. शेजारीन म्हने मिठाचं पानी पाज, ओकारी काढ. पाजलं मंग. घंटाभर तेच केलं. गाडी भेटाले अजून दोन घंटे."

"डबा नेला होता?"

"कायचा डब्बा? वावरातच राह्यला तो. डाक्टर इचारे, कोनतं औषद? आमाले का मालूम."

मी सांगितलं. पान मी बिघडवलं. मी त्याची तारीख बदलली, त्यामुळे तुमच्या चिठ्ठीवरचा पत्ता चालला नाही. फोनही माझ्याच समोर वाजत होता, मी उचलला नाही.

 चतुराबाई म्हणाली, "तारखेनं काय होते गुरुजी?" पुंजाराम म्हणाला, "जाऊ दे न, मास्तर कुठून आले, पानी दे त्याईले."

तिने पाणी दिलं.  त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. माझ्या छातीत काहीतरी दुखत होतं, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच दुखत होतं, म्हणून मी ते दुखू दिलं.

मुलीच्या दप्तरातून खडू मागून घेतला. टिनाच्या दारावर मोठ्या अक्षरांत पाच ओळी लिहिल्या. कपडे उतरवा. साबणाने धुवा. काही पाजू नका. डाव्या कुशीवर निजवा. डबा घेऊन लगेच दवाखाना. पुंजाराम म्हणाला, "मोठं लिहा गुरुजी, मले दोनदा दिसते, तं डबल ध्यानात राहीन." आणि स्वतःच हसला. शेजारच्या बाया आल्या, त्यांच्या दारांवरही लिहून मागितलं. संध्याकाळच्या गाडीपर्यंत नऊ दारं झाली. खडू संपला.

खडूची ओळ पावसाने जाईल हे मला माहीत आहे. म्हणून चिठ्ठी हवी आणि चिठ्ठीवरचा पत्ता चालायला हवा.

७ ऑक्टोबर, शनिवार

तारीख परत केली. १ सप्टेंबर २०१६, सकाळी ७.००. चिठ्ठीवरचा पत्ता टाकून पाहिला, पान उघडलं.

मग लेखाच्या वर दोन ओळी लिहायच्या होत्या. सकाळपासून दुपारपर्यंत लागले. 'लेखक सध्या लिहीत नाहीत' असं आधी लिहिलं. खोडलं. 'लेखक आपल्यात नाहीत.' खोडलं. शेवटी पार्वताला विचारलं, तू त्या बाईला काय म्हणाली होतीस? ती म्हणाली, "गेला म्हटलं. दुसरं काय म्हनू?"

लिहिलं ते असं: 'या लेखाचे लेखक अंकुर खुशालराव गावंडे यांचे ३० ऑगस्ट २०१६ रोजी अपघातात निधन झाले. लेख त्यांनी आधीच लिहून ठेवला होता. याची तारीख बदलू नये. फोन त्यांचे वडील उचलतील.'

वाचून दाखवलं. शेवटच्या वाक्याला पार्वता म्हणाली, "उचलसान?" मी म्हटलं, उचलीन. मग ती तिथेच खाली बसली आणि रडली, आणि मीही. ते काही लिहिण्यासारखं नाही.

९ ऑक्टोबर, सोमवार

सदतीस माणसं. चौतीस चिठ्ठीच्या पत्त्याने आलेली. न सापडलेल्यांच्या तक्त्यात एकही नवा नाही. आता तो आधी बघतो.

अंकुरचा मोबाइल दोनदा वाजला. दोन्ही वेळा उचलला. एकाला औषधाचं प्रमाण हवं होतं, ते लेखात शोधून सांगितलं. दुसरा नुसता 'वरचं वाचलं' म्हणाला आणि फोन ठेवला. 

संध्याकाळी पार्वताने विचारलं, "किती आले?" मी म्हटलं सदतीस, आणि अमरावतीचं ते यंत्र पण आज परत लागलं, चार वाजून अकरा मिनिटांनी. एवढे दिवस बंद पानावर येऊन परत जात होतं बिचारं.

ती तांदूळ निवडत होती. हात थांबला. "कोनतं यंत्र?"

मी समजावून सांगितलं. रोज एक, चारनंतर, तेच पान, रविवारी आणि सणावारी नाही.

"यंत्र काहून होईन ते?" ती म्हणाली. "प्रणालीची शाळा चारले सुटते."

मी वही मागे उलटत गेलो. १५ जुलै. २३ ऑगस्ट. ४ ऑक्टोबर. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. असू द्या न बाबा, ती म्हणाली होती, ताटं हातात घेऊन. आणि मी तिला अवसेचा नियम शिकवला. तेहतीस दिवस पोरगी त्या दारावर येऊन परत गेली, आणि एकदाही फोन करून विचारलं नाही की बाबा, का पुसलं तुम्ही.

मी म्हटलं, उद्या पहिल्या गाडीने अमरावतीला जाऊन येतो.

"जा," पार्वता म्हणाली. तांदळाचं सूप तिने बाजूला ठेवलं. "पन साडेचारच्या आंधी नोका जाऊ तिच्यापाशी. तिचं वाचून होऊ द्या."